न पाहिलेला पाठ

बी.एड.च्या पाठवहीत प्रत्येक पाठाच्या शेवटी दोन समोरासमोरची पानं येतात. डावं पान विद्यार्थ्याचं. पाठ घेऊन झाल्यावर काय जमलं आणि काय फसलं, ते त्याने स्वतः लिहायचं. उजवं पान मार्गदर्शक प्राध्यापकाचं. त्याने वर्गात मागे बसून जे पाहिलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. माझी सव्वीस वर्षांची नोकरी या उजव्या पानावर झाली. परभणीतल्या एका अध्यापक महाविद्यालयात मी भूगोल अध्यापन पद्धती शिकवत होतो. त्याआधी सहा वर्षं एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. दोन्ही ठिकाणी काम एकच: दुसऱ्याने केलेलं पाहायचं आणि थोडक्यात लिहायचं.

शिक्षक कसा होतो, हे या व्यवसायाबाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतं. पदवीनंतर दोन वर्षं बी.एड. त्यातल्या दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे एखाद्या शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचं. याला आंतरवासिता म्हणतात. विद्यापीठाने ठरवून दिलेले पाठ या काळात पूर्ण व्हावे लागतात. शिवाय टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती उत्तीर्ण झालेला माणूस पात्र ठरतो, शिक्षक होत नाही. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी, आणि ती पुन्हा कधी निघेल हे कुणी सांगू शकत नाही. तिच्या गुणांवर सरकारी पोर्टलवर निवड यादी लागते. यादीनंतर कागदपत्रांची पडताळणी, आणि मग नेमणूक.

या सगळ्या साखळीत उमेदवाराला वर्गात उभं राहून शिकवता येतं का, हे फक्त एका जागी पाहिलं जातं: आंतरवासितेत. बाकी सगळीकडे कागद पाहतात. म्हणून उजव्या पानाला महत्त्व आहे. ते भरणारा माणूस मी होतो.

या कामात गमती पुष्कळ. सराव पाठांसाठी दरवर्षी त्याच शाळा ठरलेल्या असल्यामुळे तिथली मुलं आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा तयार होती. प्रस्तावनेचे प्रश्न, मग हेतुकथन, म्हणजे 'आज आपण अमुक शिकणार आहोत' हे वाक्य, मग विषयविवेचन, असा आमचा क्रम असतो. परभणीच्या एका शाळेत आमचा एक दांडगा विद्यार्थी पहिल्याच पाठाला घामाघूम झाला आणि प्रस्तावनेवरून थेट विवेचनावर गेला. पहिल्या बाकावरची सहावीतली मुलगी हळूच म्हणाली, "सर, हेतुकथन राहिलं तुमचं." त्याने हेतुकथन केलं. मुलगी मागे वळून माझ्याकडे पाहून हसली. मी उजव्या पानावर 'हेतुकथन स्पष्ट' असं लिहिलं. ते स्पष्ट होतंच, फक्त त्याचं नव्हतं.

दुसरा एक विद्यार्थी शैक्षणिक साधन म्हणून जिवंत कोंबडी घेऊन आला होता. पाठ 'कृषिपूरक व्यवसाय'. कोंबडी पाचव्या मिनिटाला सुटली आणि उरलेला तास वर्ग तिच्या मागे होता. त्याने डाव्या पानावर लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग मिळाला.' इतका खरा शेरा मी पुढे फार वेळा वाचला नाही.

पण बहुतेक पानं अशी नव्हती. माझ्याकडे शेवटच्या वर्षी पाथरी, परभणी आणि पूर्णा या तीन तालुक्यांतल्या शाळा होत्या. सकाळी पाथरीला पाठ पाहून दुपारी ताडकळसला जायचं, तर परभणी मध्ये पडते, दोन एस.टी. बदलाव्या लागतात, आणि दुसरी एस.टी. शाळा सुटल्यावर पोहोचते. सगळे पाठ पाहणं शक्य नव्हतं. हे महाविद्यालयाला माहीत होतं आणि मलाही. त्यातून एक रीत पडली होती. पाच पाठांतला एक पूर्ण पाहायचा, एकाला दहा मिनिटं बसायचं, उरलेल्यांवर विद्यार्थ्याची जी ओळख आहे तिच्या भरवशावर शेरा लिहायचा. शेरेही ठरून गेले होते. 'फलकलेखन सुवाच्य.' 'प्रश्नांचे वितरण समान.' 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.'

दैनिकात असतानाही मला हीच सवय लागली होती. निमंत्रणपत्रिकेवरून कार्यक्रमाची बातमी आधीच तयार करून ठेवायची. एका सत्काराची बातमी मी अशीच छापायला सोडली. तीत 'मोठ्या संख्येने नागरिक उपस्थित होते' हे वाक्य होतं. सत्कारमूर्ती त्या दिवशी दवाखान्यात होते आणि सत्कार झालाच नव्हता. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी अंक माझ्यापुढे ठेवला. "जे पाहिलं नाही ते 'समजते' म्हणून लिहा," ते म्हणाले. "जे समजलंही नाही ते लिहू नका." उजव्या पानावर 'समजते' लिहिण्याची सोय नव्हती. मी ते कारण पुढे करून सव्वीस वर्षं काढली.

मंगल खिल्लारे माझ्या शेवटच्या तुकडीत होत्या. चुडाव्याच्या. वय बेचाळीस, मुलगा दहावीला. आठ वर्षं त्यांनी एका छोट्या खासगी शाळेत शिकवलं होतं, बी.एड. नसताना. शाळेत तपासणीचं पथक आलं की त्यांना ग्रंथालयात बसवून पुढ्यात पुस्तकांचं रजिस्टर ठेवत. प्रवेशाच्या दिवशी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "आठ वर्सं शिक्षिका हाय सर मी. पण तपासणी आली की ग्रंथपाल." वर्ग हसला. पुढच्या दोन रांगाच हसल्या, हे मला आता आठवतं. त्या बोलायला लागल्या की समोरचा माणूस नकळत थोडा पुढे वाकत असे.

टीईटी त्यांनी पहिल्या वर्षातच काढली होती. दुसऱ्या वर्षात असताना अभियोग्यता चाचणी निघाली आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसण्याची परवानगी मिळाली. अट एकच: बी.एड.चा निकाल ठरलेल्या मुदतीत पोर्टलवर चढवायचा. मुदत चुकली तर चाचणीचे गुण बाद. मंगल खिल्लारे यांना चांगले गुण पडले. त्यांच्या प्रवर्गाला वयाची जी मर्यादा आहे ती त्या सहा महिन्यांत ओलांडणार होत्या. म्हणजे ही भरती गेली असती तर दुसरी नव्हती.

आंतरवासितेसाठी त्यांना ताडकळसची शाळा मिळाली. चुडाव्याहून सकाळच्या गाडीने पूर्णा, तिथून जीप. डिसेंबरमधल्या एका दिवशी त्यांचा सहावीला भूगोलाचा पाठ ठरला होता. विषय सावली आणि स्थानिक वेळ. टाचणाला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याला, मी आधीच मंजुरी दिली होती. त्यात फळ्यावर काढायची आकृती होती. त्या दिवशी मी पाथरीला होतो. दुसऱ्या दिवशी मी ताडकळसला गेलो तेव्हा त्यांनी वही पुढे केली.

"सर, कालचा पाठ झाला," त्या म्हणाल्या. "जरा येगळाच झाला. डाव्या पानावर लिव्हलंय."

पुढच्या जीपला दहा मिनिटं होती. पुढ्यात सात वह्या होत्या. मी उजवं पान भरलं आणि सही केली. डावं पान वाचलं नाही.

मार्च महिन्यात विद्यापीठाची गुण पडताळणी समिती महाविद्यालयात आली. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे जाण्याआधी ही समिती पाठवह्या तपासते. एखाद्या विद्यार्थ्याचे पाठ कमी भरले तर त्याचे अंतर्गत गुण जात नाहीत आणि निकाल राखीव राहतो. राखीव निकाल सुटायला काही महिने लागतात. समितीचे अध्यक्ष भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, पान उलटण्याआधी बोटाने कोपरा सरळ करणारे. ते कोणतीही एक वही उचलत आणि तिच्यातल्या तारखा शाळेने दिलेल्या कामकाजाच्या तक्त्याशी ताडून पाहत.

दुपारी त्यांनी एक वही माझ्याकडे वळवली. "कदम सर, ही दोन पानं वाचता का? मोठ्यानं नको."

डावीकडे मंगल खिल्लारे यांच्या अक्षरात होतं: 'आज शाळेला अचानक सुट्टी होती. मला निघताना माहीत नव्हते. चौदा मुले आली होती. वर्गाला कुलूप. फळा नसल्याने ठरवलेली आकृती काढता आली नाही. ध्वजस्तंभाच्या सावलीवर पाठ घेतला. पस्तीस मिनिटांऐवजी तासभर लागला. वेळेचे नियोजन चुकले.'

उजवीकडे माझ्या अक्षरात: 'हेतुकथन स्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. आकृतीचा वापर परिणामकारक. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. वेळेचे नियोजन उत्तम.'

शाळेच्या तक्त्यात त्या तारखेपुढे 'मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी' अशी नोंद होती.

"या दोघांपैकी एक जण त्या दिवशी तिथं नव्हता," अध्यक्ष म्हणाले. "कोण, ते उद्या दुपारी तीनपर्यंत लेखी द्या. तोवर या बाईंचे गुण थांबवतो."

समिती चहाला गेली. प्राचार्यांनी मला आणि मंगल खिल्लारे यांना कार्यालयात बोलावलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. महाविद्यालयाची मान्यता टिकवणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्या कामाने कायम घाबरलेले असत.

"पान बदलून टाकू," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही डावं पान नव्यानं लिहा. तारीख पुढच्या दिवसाची. सुट्टीबिट्टी काही नको. वर्गात झाला पाठ, फळ्यावर झाला. अध्यक्ष सज्जन आहेत, त्यांना कागद नीट दिसला की झालं."

मंगल खिल्लारे यांनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत होतो.

"सर, मी काय खोटं लिव्हलंय का?"

"तसं नाही हो मॅडम," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या भल्यासाठीच चाललंय."

"मग माझं पान का बदलायचं?"

"अहो, निकाल राखीव राहील तुमचा. पोर्टलची मुदत जाईल. कळतंय ना?"

"कळायलाय की. मलाच जास्त कळायलाय." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. आम्ही दोघंही पुढे वाकलो. "डावं पान माझं हाय सर. ते हाय तसं राहू द्या. उजव्या पानाचं काय ते तुमी बघा."

दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या. "आन् सर, मला परत ग्रंथालयात न्हाई बसायचं."

त्या गेल्यावर प्राचार्यांनी माझ्यासमोर दुसरा विचार मांडला, जो माझ्याही डोक्यात आधीच आला होता. मी न पाहता सही केल्याचं लिहून दिलं, तर समिती माझ्या बाकीच्या सह्या बघेल. त्या तुकडीतल्या भूगोलाच्या सगळ्या वह्या माझ्याकडे होत्या. मुदत त्यांनाही होती. एका बाईंना वाचवायला गेलो तर आख्खी तुकडी थांबेल. शिवाय माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. "तीसेक पोरांचं बघा," प्राचार्य म्हणाले. माझं बघा असं ते म्हणाले नाहीत, पण खोलीत ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने मी ताडकळसला गेलो. लेखी द्यायच्या आधी जागेवर जाऊन यायचं, एवढा जुना धडा मला त्या सकाळी आठवला. मुख्याध्यापकांनी तारीख ऐकताच मान डोलावली. "लय दाट तीथ होती सर ती. गावात सात लग्नं. वर्गात कोण बसणार? आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकलं, उद्या सुट्टी. तुमच्या मॅडम ग्रुपवर नव्हत्या. आन् ज्यांच्या घरचा मोबाईल बापाबरोबर शेतात असतो, ती पोरं आली."

"त्यांनी पाठ घेतला?"

"मी कशाला होतो सर? मी लग्नात. पोरांला विचारा."

सहावीच्या वर्गातून आरती नावाची मुलगी बाहेर आली. मी काही विचारायच्या आधी तिने मला ध्वजस्तंभाकडे नेलं. खांबाच्या उत्तरेला मातीत अर्धे रुतवलेले दगड होते, एका ओळीत पाच-सहा. त्यातल्या एकावर चुन्याची खूण होती.

"मॅडमनी आमाला दगड ठेवायला लावले," ती म्हणाली. "दर दहा मिंटाला सावलीच्या शेंड्याला एक. आमाला वाटलं बाराला सावली सगळ्यात आखूड. पण न्हाई. सव्वाबाराला झाली आखूड. ह्यो चुन्याचा दगड सव्वाबाराचा."

"बाराला का नाही?"

"घड्याळ आपल्या गावचं न्हाई न सर. सगळ्या देशाचं एकच हाय. सूर्य आपल्याकडं उशिरा येतो."

मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. मी तिथेच उभा राहिलो. परत जायची जीप साडेबाराला होती आणि ती चुकली तर तीनपर्यंत महाविद्यालयात पोहोचणं कठीण होतं. तरी मी उभा राहिलो. सावली खांबाच्या बुडातून उत्तरेला निघाली होती आणि चुन्याच्या दगडाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हती.

"दगडापर्यंत का येत नाही आता?" मी विचारलं.

आरतीने मला हे माहीत नाही याची खात्री करून घेतल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "तवा थंडी होती सर. सूर्य खाली होता. आता वर आलाय. आता सावली आखूड. आमी रोज बघतो, मधल्या सुट्टीत."

तो दगड डिसेंबरचाच होता. मार्चमध्ये तो त्या जागी कुणालाही ठेवता आला नसता. मोबाईलवर फोटो काढले आणि जीप गाठली. परभणीपर्यंतचा रस्ता मला त्या दिवशी नेहमीपेक्षा लांब वाटला. त्याचं कारण दगड नव्हते. पाठ झाला होता आणि चांगला झाला होता, हे आता माझ्याकडे पुराव्यासह होतं. खोटं फक्त उजवं पान होतं.

पावणेतीनला मी कागद लिहायला घेतला. पाच वाक्यं लिहिली. मी त्या दिवशी पाथरीला होतो. हा पाठ मी पाहिलेला नाही. उजव्या पानावरील मजकूर मी न पाहता लिहिला. डाव्या पानावरील मजकूर आज ताडकळस येथे जाऊन तपासला व तो खरा आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

सहावं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं: मी इतरही पुष्कळ पाठ असेच न पाहता सह्या करून मान्य केले आहेत. ते लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं.

अध्यक्षांनी कागद वाचला, फोटो मोठे करून पाहिले, चुन्याच्या दगडावर थांबले. "सूर्याची साक्ष मोडता येत नाही," ते म्हणाले. "पाठ झाला, हे मान्य. पण नियम पाठ झाला पाहिजे एवढाच नाही. पाहिला गेला पाहिजे. हा पाहिला गेला नाही, म्हणून धरता येणार नाही. शनिवारी गुणांची यादी जाते. त्याआधी त्यांचा एक पाठ घडवा. मी स्वतः येतो." मग चष्मा काढून म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या शेजारी बसा. पूर्ण तास."

सहावं वाक्य त्यांनी विचारलं नाही. त्यांना ते दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मंगल खिल्लारे यांनी टाचण दाखवलं. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. "हा पाठ गेला तर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, जाणार नाही. हेही न पाहताच म्हणालो.

शुक्रवारी ताडकळसला तिसरा तास. वर्गात पन्नासेक मुलं, बाहेर पिठाची गिरणी सुरू. अध्यक्ष आणि मी शेवटच्या बाकावर बसलो. सव्वीस वर्षांत मी शेवटच्या बाकावर पूर्ण पस्तीस मिनिटं किती वेळा बसलो होतो, ते मोजायला गेलो आणि सोडून दिलं. साधारणपणे मी दाराजवळ उभा राहत असे. तिथून निघायला सोपं पडतं.

पाठाची मांडणी उत्तम होती. काठी आणि विजेरी घेऊन त्यांनी सावली लांब-आखूड करून दाखवली. पहिल्या तीन बाकांवरची मुलं हात वर करायला धडपडत होती. पाचव्या मिनिटाला अध्यक्ष माझ्याकडे झुकले.

"काय विचारलं त्यांनी?"

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणालो.

आमच्या पुढच्या बाकावरचा मुलगा शेजारच्याचं उत्तर ऐकून तेच सांगत होता. त्याच्या शेजारचा त्याच्या शेजारच्याचं. त्या रांगेला पाठ ऐकू येत नव्हता, ती अंदाजाने चालली होती. छोट्या पत्र्याच्या खोलीत वीस मुलांना आठ वर्षं शिकवलेल्या बाईंना आवाज वाढवायची गरज कधी पडली नव्हती. आणि ती पडते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम ज्याचं, तो पानापानावर 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो' असं लिहीत होता.

तास संपला. वही माझ्यापुढे आली. अध्यक्ष शेजारी होते. मंगल खिल्लारे फळ्याजवळ डस्टर हातात धरून उभ्या होत्या आणि माझ्या पेनाकडे बघत होत्या. या एका पानावर त्यांची यादी, मुदत, वय, सगळं थांबलेलं होतं. 'आवाज उत्तम' लिहिलं तर अध्यक्षांनी सही केली असती का, मला माहीत नाही. खरं लिहिलं तर पाठ पडेल का, तेही माहीत नव्हतं.

मी लिहिलं: 'मांडणी व साधनांचा वापर उत्तम. आवाज तिसऱ्या बाकापर्यंतच पोहोचतो. मागील विद्यार्थी अंदाजाने उत्तरे देतात. यावर तातडीने काम आवश्यक.' अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. मग खाली 'पाठ मान्य' लिहून सही केली आणि मुख्याध्यापकांकडे चहाला गेले.

मंगल खिल्लारे वही घेऊन वाचत राहिल्या.

"सर, हे खरं हाय?"

"खरं आहे."

"मागच्या पानावर तर उलटं हाय. त्याच्या मागच्या पण."

"हो."

त्यांनी दोन-तीन पानं मागे उलटली, परत पुढे आल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "आधी सांगितलं असतं सर," त्या म्हणाल्या, "तर आतापर्यंत जमलं असतं की."

शनिवारी गुण गेले. निकाल वेळेत लागला आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी त्यांनी तो पोर्टलवर चढवला. मी त्यानंतर निवृत्त झालो. निरोपाच्या कार्यक्रमात एका सहकाऱ्याने मी सव्वीस वर्षांत हजारो पाठांचं मार्गदर्शन केल्याचं सांगितलं. टाळ्या पडल्या. सहावं वाक्य तेव्हाही माझ्या तोंडात होतं. ते मी इथे लिहिलं आहे.

यादी अजून लागलेली नाही. कधी पोर्टल बंद असतं, कधी दुसऱ्या टप्प्याची सूचना येते, कधी कुणीतरी न्यायालयात गेलेलं असतं. मंगल खिल्लारे दर आठवड्याला चुडाव्याच्या स्टेशनावरून फोन करतात. त्या आता पुन्हा एका शाळेत तासिका घेतात. मागचे बाक भरलेले असतात, असं त्या सांगतात. मागच्या आठवड्यात फोन आला तेव्हा मी तो उचलून टेबलावर ठेवला आणि चष्मा शोधत राहिलो. स्पीकर सुरू नव्हता.

"सर, यादी न्हाई लागली अजून," टेबलावरून आवाज आला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कसली यादी?"